एका दिवसात दोन देव

सासूने दशम्या दुधात मळल्या, तेव्हाच मी ओळखलं की ही देवाला निघालेली नाही. आमच्या घरात दात नसलेलं कोणीच नव्हतं. सासरे, उखर्डू आबा, अजून दातांनी ऊस सोलायचे. आणि देव काही दशमी मऊ आहे का म्हणून बोटाने दाबून बघत नाही. मऊ दशमी लागते म्हातारीला, आणि तशी म्हातारी एकच होती. सासूची माय, ताईबाई, बेटावदची.

भिकुबाईला, म्हणजे माझ्या सासूला, बेटावद बंद होतं. कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून आबांचं आणि तिच्या भावांचं वाजलं होतं. "त्या घरना उंबरठा चढनी, ते आठे परत येऊ नको," असं आबांनी तिला बजावलं होतं, त्याला कितीतरी वर्षं झाली. म्हणून तिने मुडावदच्या कपिलेश्वराचा नवस काढला. शिंदखेड्याहून मुडावदला जायचं तर बेटावदलाच उतरावं लागतं, पुढे बैलगाडी. देवाला घाईघाईने हात जोडायचे, उरलेला दिवस मायजवळ काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीने घरी, असा बाईसाहेबांचा बेत. सोबतीला मी.

तिची दया यायला हवी होती, असं वाटतं ना? मग माझंही ऐका.

माझं माहेर धरणगावकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर आमच्या खानदेशात मायच्या घशाखाली घास उतरत नाही. झोके बांधलेले असतात, सांजोऱ्या तळलेल्या असतात, आणि माय वाटेकडे डोळे लावून बसते. लग्न झाल्यापासून सासूने मला एकाही आखाजीला धाडलं नाही. दर वर्षी माझा भाऊ सुकदेव न्यायला यायचा आणि तसाच परत जायचा. गेल्या साली तो आला तेव्हा मी घराच्या धाब्यावर चढून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होते. खाली दारात तो सासूला सांगत होता, माय अंथरुणाला खिळलीय, धुरपदाचं, म्हणजे माझं, नाव घेतेय. सासूने त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "माय काय आजच मरी ऱ्हायनी का? बिबड्या व्हई जाऊ दे, मंग धाडसू." वर मला हाकसुद्धा मारली नाही. मी आपली ज्वारीचा घाटा फडक्यावर थापत बसले होते. सुकदेव पुन्हा आला तो डोकं भादरून. त्या बिबड्या आम्ही वर्षभर खाल्ल्या.

तेव्हापासून मी सासूला पाण्यात पाहत होते. तोंडाने मात्र आत्याबाई, आत्याबाई.

नवसाची गोष्ट निघाली त्या संध्याकाळी मी आबांना वाढत होते. आबा म्हणजे दोन पैशांची भाजी घेतली तरी वर मूठभर कोथिंबीर मागणारा माणूस. मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "आबा, तिकिटना पैसा जाईच ऱ्हायनात, ते अंमयनेर बी व्हई जाई. येक दिनमा दोन देव."

आबांचा घास हातातच राहिला. लढाईमुळे गाड्या कमी केल्या होत्या, तरी सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची अशा तीन गाड्यांत सगळं बसत होतं. सकाळी बेटावद, तिथून मुडावद, दुपारच्या गाडीने अमळनेर, संध्याकाळी परत. त्यात बसत नव्हती ती फक्त ताईबाई.

"सून डोकानी शे बरं!" आबा म्हणाले. सासूच्या तोंडचं पाणी पळालं. पण देवाला नको म्हणायची छाती कोणाला असते? आबांनी लगेच बेटावदच्या मगन गाडीवानाला निरोप धाडला, की बायांना स्टेशनावरून सरळ मुडावदला ने आणि दुपारच्या गाडीवर आणून सोड.

चैत्र सरत आला होता. सकाळच्या गाडीत नरडाणा गेल्यावर सासू माझ्याजवळ सरकली. "धुरपदा, मन्ही माय बेटावदले शे. पहिले तठे जाई येऊत, घडीभर. आबाले सांगू नको."

"मगन दखी, आत्याबाई. तो आबाले सांगी देई."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत एक मोठा निंब दिसतो, त्याच्याखालीच तिच्या मायचं घर. मगनच्या गाडीत बसल्यावर तिने मान वळवली ती निंब दिसेनासा होईपर्यंत सरळ केली नाही.

मुडावद मला फार आवडलं. पांझरा येऊन तापीला मिळते, काठावर जुनं दगडी देऊळ, गाभाऱ्यात गारवा. लग्नानंतर मी पहिल्यांदाच काही बघत होते, मग सावकाश नको का बघायला? मी दोन्ही नद्यांत पाय बुडवले. प्रदक्षिणा घातल्या, पुन्हा घातल्या. सासू पायरीवर उभी राहून "चाल वं, चाल वं" करत होती. मी म्हटलं, नवस तुमचा आहे, आत्याबाई, देवाशी अशी घाई बरी नाही.

बेटावदला परतलो तेव्हा सिग्नल पडला होता. सासूने माझं मनगट धरलं. "तू एकली जाय अंमयनेरले. मी आठेच ऱ्हास. संध्याकायनी गाडीमा चढसू."

"आणि आबा इचारतीन, ते मी काय सांगू?"

माझं मनगट सुटलं. गाडी आली, आम्ही बायांच्या डब्यात चढलो. गाडी हलता हलता सासूने दशम्यांचं गाठोडं खिडकीतून मगनच्या हातात कोंबलं. "ताईबाईले दी दे, दादा." मगनने काही न विचारता घेतलं आणि मान हलवली. म्हणजे तो चुगली करणारा नव्हताच. सासूलाही ते तेव्हाच कळलं, पण गाडी सुटली होती.

अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संताची समाधी आहे, तिथे मी मनापासून डोकं टेकलं. सासूनेही टेकलं, आणि तिथेच वाळूत बसून ती रडली. लोकांना वाटलं, काय भक्ती आहे! एका बाईने तर तिच्या पायांना हात लावला. मला हसू आवरेना, मी तोंडाला पदर लावला.

परतीच्या गाडीत ती पार गळून गेली होती. पहाटेपासूनचं उठणं, बैलगाडीचे धक्के, डोक्यावर ऊन. बाकावर आडवी होत म्हणाली, "जरासा डोया लागी ऱ्हायना. बेटावद उनं म्हंजे उठाड माले. निंब तरी दखसू."

"हो," मी म्हटलं.

बेटावदला गाडी थांबली तेव्हा दिवस कलला होता. सासू घोरत होती. आणि फलाटावरून एक वाकलेली म्हातारी काठी टेकत, डब्याच्या फळ्या चाचपत येत होती. "भिकू! वं भिकू! कोनता डब्बामा शे वं माय?" दशम्या तिला पोचल्या होत्या, आणि मगनकडून आमची परतीची गाडीही कळली होती. ती आमच्या खिडकीशी आली. डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता.

"आठे शिंदखेडानी भिकू शे का?"

सासूचा पाय माझ्या मांडीला लागत होता. नुसतं हलवलं असतं तरी ती जागी झाली असती.

"नही," मी म्हटलं. "दुसरा डब्बामा व्हई."

म्हातारी एक पाऊल पुढे गेली आणि थांबली. इंजिनाने शिटी दिली. पुढचे डबे तिच्या पायांच्या आवाक्यातले नव्हते, हे तिलाही कळलं. ती परत खिडकीशी आली, गजांतून हात घालून तिने माझा गाल चाचपला. हात खरखरीत होता, त्याला तळणाचा वास येत होता.

"पोरी, तुले माय शे का?"

"नही."

"मंग तूच खाय." तिने फडक्यात बांधलेल्या सांजोऱ्या माझ्या ओटीत टाकल्या. गाडी हलली. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, पुढच्या डब्यांकडे तोंड करून.

मी गाठ सोडली आणि खायला लागले. कुण्या मायच्या हाताने दिलेली सांजोरी मी कितीतरी दिवसांनी खात होते. एक संपली की दुसरी उचलली.

नरडाण्याच्या धक्क्याने सासू उठली. "बेटावद उनं का?"

"गयं."

तिने खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्या मांडीकडे. शेवटची सांजोरी माझ्या हातात होती. ती वाकली आणि तिने सांजोरीच्या कडेवरून बोट फिरवलं. दुहेरी मुरड होती, तशी आमच्या गावात कोणी घालत नाही.

"हाई मुरड मन्ही मायनी शे," ती म्हणाली. "ती उनी व्हती? माले उठाडं का नही?"

"मन्हा भाऊ दारमा उभा व्हता, तवय माले कोनी बलावं?"

आणि तिच्या डोळ्यांदेखत मी ती सांजोरी खाल्ली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "काठी लीसन उनी व्हती का?" मग, "डोयाले दिखस का तिले?" आणि, "थकनी शे का फार? काय बोलनी ती?" शिंदखेड्याचे दिवे दिसेपर्यंत ती एकेक विचारत राहिली, आणि मी सगळं ठाऊक असून एकाचंही उत्तर दिलं नाही.

मग ती विचारायची थांबली. माझ्या मांडीवर सांजोऱ्यांचा चुरा सांडला होता, तो तिने बोटाने कणकण टिपून पदरात घेतला. तेवढा मी तिला घेऊ दिला.