नंबर तोच, माणूस दुसरा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. मनिलापासून दूर, इलोइलो शहरातल्या एका कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत, झाडू आणि मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. सगळं कॉलेज माझ्या पोटात राहतं, आणि मला ओळखत कुणीच नाही. बंद पडलो की तेवढी आठवण होते, तीही शिव्यांसकट.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते सांगण्यात अर्थ नाही. दोमिंगने माझ्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली, तो दिवस माझा वाढदिवस. दोमिंग इथले संगणक सांभाळतो. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला ‘मानोंग’ म्हणतात; बाई असेल तर ‘मानांग’. मी आलो तेव्हा फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं होतं. पाणी आत शिरेल या भीतीने दोमिंगचा जीव टांगणीला लागला होता. मग भाषणं झाली, पान्सितच्या, म्हणजे शेवयांच्या, ताटल्या फिरल्या. माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे कुणी धूळसुद्धा झटकली नाही.

माझं काम बोर्डिंग हाऊस चालवण्यासारखं आहे. प्रत्येकाला एक खातं, एक पासवर्ड आणि सामान ठेवायला मोजून दिलेली जागा. त्या मापाला इथे कोटा म्हणतात. विद्यार्थ्यांना कमी, शिक्षकांना जास्त. कोटा संपला की मी एक अक्षरही आत घेत नाही, मग तुम्ही रडा नाहीतर पाया पडा. कुणाच्या फाइली कुणी वाचायच्या, कुणी बदलायच्या, हे गट ठरवतात.

पण माझी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मी नावं मानत नाही. प्रत्येक नावामागे एक नंबर असतो, आणि कुठली फाइल कुणाची हे मी त्या नंबरावरून ठरवतो. ज्याच्याकडे नंबर तो मालक. त्याचं वय, त्याची पुण्याई, त्याचे कष्ट मी विचारत नाही. मला तसंच घडवलं आहे.

भाषा विभागात मॅम फेलिसितास होत्या. आंतिकेच्या किनाऱ्यावरच्या गावांतून त्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगाया रेकॉर्ड करून गोळा करायच्या. रिकाम्या वेळी नव्हे, पगारी सुट्ट्या खर्ची घालून. बस, मग होडी, मग चिखलातून पायी. म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या आणि नव्या आयांना मोबाइलवरची गाणी पुरत होती. ध्वनिफिती जागा फार खातात, म्हणून दोमिंगने मॅमचा कोटा वाढवून दिला. त्यांनी आपल्या विभागाचा एक गट केला आणि नियम घातला, की गटातल्यांनी ऐकावं, पुसायचं मात्र कुणी नाही.

त्या म्हाताऱ्यांतली एक लोला, म्हणजे आजी, ग्लिसेरिया. तिची मुलगी ओफेलिया हाँगकाँगला दुसऱ्यांच्या घरी राहून दुसऱ्यांची मुलं वाढवत होती. म्हातारी गेली तेव्हा मालकिणीने सोडलं नाही. आईची माती तिला मिळाली नाही. मॅमनी तिला फोनवर धीर दिला. आईचा आवाज माझ्याकडे जपून ठेवलाय, तू आलीस की माझ्या शेजारी बसून ऐक, असं त्या म्हणाल्या. ओफेलियाकडे आईचा आवाज दुसरा कुठलाच नव्हता. होता तो माझ्या पोटात.

त्यानंतर मॅमची आई अंथरुणाला खिळली आणि मॅम नोकरी सोडून गावी गेल्या. गटातले बाकीचेही पांगले. कुणी मनिलाला, कुणी दुबईला. गटाचं नाव माझ्यात राहिलं, आत माणूस एकही नाही. टाळं लावलेल्या रिकाम्या घरासारखं. फाइलींची दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती ती एकदा वीज गेली त्या ब्राउनआऊटमध्ये जळाली. नवी डिस्क पुढच्या वर्षी बघू, असं ऑफिसने सांगितलं. पुढचं वर्ष इथे कधीच येत नाही.

नवी भरती आली की दोमिंग गेलेल्यांची खाती काढून टाकतो. मॅमचं खातं काढून टाकायची पाळी आली तेव्हा त्याचा हात अडखळला. इकडची रीत अशी, की माणूस उठून गेला तरी त्याचं सामान लगेच हलवत नाहीत, वर्षभर तसंच ठेवतात. शिवाय मॅम मोठ्या, त्यांच्या वस्तूंना हात कसा लावायचा? म्हणून त्याने मॅमचं नाव तेवढं काढून टाकलं आणि सामान जागच्या जागी राहू दिलं. किती भला माणूस! आणि त्याच भल्या माणसाला दुसरी एक खोड होती. तो काटकसरी. कॉलेजच्या लॉकरची किल्ली परत आली की तोच लॉकर तो दुसऱ्याला देतो, नवा उघडत नाही. नंबरांचंही तेच. मॅमचा नंबर मोकळा झाला म्हणून त्याने तो जेरिक नावाच्या नव्या विद्यार्थ्याला देऊन टाकला.

त्या क्षणी मॅमचं सगळं सामान जेरिकचं झालं. एकही फाइल हलली नाही. पोराने काही मागितलं नव्हतं, त्याला कळलंही नाही. मला कळलं, पण मला कोण विचारतं?

पहिल्याच दिवशी जेरिक पानभर निबंध साठवायला गेला आणि मी त्याला हाकललं. मॅमच्या सामानानेच त्याचा कोटा संपला होता! तो दोमिंगकडे आला. दोमिंगचं टेबल माझ्याच खोलीत आहे. कॉलेजच्या तपासणीला बाहेरून पाहुणे यायचे होते, आणि तो प्रिंटर उघडून कोपरापर्यंत शाईत बुडालेला होता.

“मानोंग, माझी जागा भरलीय म्हणतंय.”

“मग रिकामी कर. पिक्चर भरले असशील.”

“मी काहीच ठेवलं नाही, मानोंग.”

“सगळे हेच म्हणतात रे. तुझ्या नावावर काय काय आहे ते त्या सर्व्हरलाच विचार आणि नको ते काढून टाक. तुझंच आहे ना? मग मला कशाला विचारतोस?”

जेरिकने मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं. माझ्या हिशेबाने खरं. कुठल्यातरी गावांची नावं दिलेल्या ध्वनिफितींची ही लांबलचक रांग. त्याने एक उघडून ऐकली. त्याला वाटलं कुणा आधीच्या पोराचा गृहपाठ असेल. परत जाऊन विचारावंसं त्याला वाटलं होतं, पण मोठ्या माणसाला दोनदा त्रास कसा द्यायचा? लाज आडवी आली. त्याने पुसलं. मॅमनी घातलेला नियम इतरांसाठी होता, मालकासाठी नव्हता. मी हूं की चूं न करता पुसू दिलं.

मग एके दिवशी ओफेलिया आली. विमानतळावरून आधी आईच्या थडग्यावर, तिथून मॅमकडे, आणि मॅमबरोबर थेट जिन्याखाली. येताना तिने सगळ्यांना चॉकलेट आणलं होतं.

“मॅम, काळजीच नको,” दोमिंग हसत म्हणाला. “नाव काढून टाकलं होतं, पण तुमच्या सामानाला मी बोटसुद्धा लावलं नाही.”

त्याने फोल्डर उघडला. रिकामा. दुसऱ्यांदा उघडला. मग नंबर पाहिला आणि तो कुणाला दिला होता ते त्याला आठवलं. जेरिकला बोलावणं गेलं. पुसलेलं परत काढता येईल का, म्हणून दोमिंगने नाना खटपटी केल्या. पण त्या जागेवर मी केव्हाच दुसऱ्यांचे निबंध आणि तपासणीचे फोटो लिहून ठेवले होते. मॅम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रागवायला माणूस हवा होता, आणि समोरच्या दोघांपैकी एकावरही राग धरवेना. माझ्यावर रागवायचं कुणाला सुचलंच नाही.

ओफेलियाने जेरिकला शांतपणे विचारलं, “पुसायच्या आधी ऐकलं होतंस का रे?”

“एकच, मानांग. एक लोला होती. गाताना तिला मध्येच ठसका लागला, मग ती हसली आणि म्हणाली, थांब, पहिल्यापासून गाते.”

“हीच,” ओफेलिया म्हणाली. “पुढे काय गायली?”

जेरिकने मान खाली घातली. “पुढचं मी ऐकलं नाही.”

मित्रांनो, धडा हवा असेल तर घ्या. घर सोडताना सामान कुणाच्या तरी हाती द्या आणि त्याचं नाव उच्चारून द्या. कुणी गेला तर त्याचा नंबर त्याच्याबरोबर जाऊ द्या, नंबरांचा काही दुष्काळ पडलेला नाही. आणि ‘तुझंच आहे ना’ म्हणून पाठ फिरवण्याआधी एकदा वळून बघा. यंत्रावर विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही. मला सांगितलं तसंच मी केलं. तेवढंच तर मला येतं.

आता दोमिंग कुणाचंच खातं काढून टाकत नाही, नुसतं कुलूप घालतो. मॅम फेलिसितासचं नाव त्याने पुन्हा चढवलं आहे, त्यांच्या जुन्याच नंबरासकट. जेरिकला त्याने नवा दिला. मॅमचा कोटाही वाढवला, कॉलेजात सगळ्यांत मोठा. तेवढी जागा मी त्यांच्यासाठी राखून आहे. ठेवायला त्यांच्याकडे आता काही नाही.