सरळबाबांची तार

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं जमिनीवर बसली, जमीन संपली तशी खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढली. समोर टेबलावर काचेचा एक वाडगा, त्यात पाणी, आणि टेबलामागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले सरळबाबा. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. वाकलेलं सगळं ते सरळ करतात अशी ख्याती होती.

"कुणाचं काय वाकलंय?" बाबांनी विचारलं. "पाठ? पाय? नशीब? या, लाजायचं काय त्यात. वाकणं माणसाचं, सरळ करणं वरच्याचं. आम्ही आपले मधले पोस्टमन."

हशा पिकला. एक म्हातारे गृहस्थ पुढे गेले. बाबांनी त्यांच्या हातात वीतभर चंदेरी तार ठेवली.

"वाकवा. तुमच्या पाठीला आहे तेवढा बाक द्या. जोर लावा काका, जेवून आलात ना?"

काकांनी तारेचं पार वेटोळं करून टाकलं. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि तार वाडग्यात सोडली. पाण्याला लागली मात्र, झोपेतून दचकून उठावी तशी ती ताडकन सरळ झाली. हॉलभर एकच उद्गार उमटला.

दुसऱ्या रांगेत एक तरुण आई बसली होती. मांडीवर वीस महिन्यांची लेक चिमणी, शेजारी सासूबाई. चिमणीचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. आठवड्याला एक अशी सहा प्लास्टरं झाली, टाचेजवळ बारीकसा छेद झाला, तेव्हा कुठे पाऊल सरळ आलं. आता ती चार वर्षांची होईपर्यंत रोज रात्री खास बूट घालायचे होते. दोन चिमुकले बूट आणि दोन्हींना जोडणारी धातूची पट्टी.

सासूबाईंनी हात जोडून सगळं सांगितलं. बाबांनी तार चिमणीच्या तळव्यावरून फिरवली, वाकवली, पाण्यात सोडली. सरळ.

"पाय अस्साच राहणार. फक्त रात्रीची ती बेडी काढा. मध्ये लोखंड आलं की कृपा अडते. सात रविवार या."

"बेडी नाही ती. डॉक्टरांनी दिलेले बूट आहेत," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी दिली म्हणून बेडीचे पैंजण होत नाहीत, ताई."

पुन्हा हशा. ती तार प्रसाद म्हणून सासूबाईंच्या ओंजळीत पडली.

तिला खरं नवल वाटलं ते हसणाऱ्यांचं. हे शहरच प्रयोगशाळांचं होतं. एका टोकाला वाऱ्याचा बोगदा. तिथे विमानांची छोटी मॉडेलं टांगून त्यांच्यावर वारा सोडत, आणि दुपारी तीनला तो सुरू झाला की घरोघरच्या बरण्या फळीवर थरथरत. नदीकडे रसायनांची प्रयोगशाळा, टेकडीखाली धातूंची. आकाशात जे काही उडतं त्यातल्या कितीतरी गोष्टींचा एखादा तुकडा या शहरात जन्मलेला असे. कुठला, ते मात्र कुणी सांगत नसे. कामाचं बाहेर बोलायचं नाही, असा नियम होता आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या होत्या. एक जण भट्टी तापवी, दुसरा तार ओढी, तिसरा ती मोजी, आणि संध्याकाळी बसथांब्यावर तिघं मिळून हवामानाबद्दल बोलत. तिचा नवरा तार ओढणाऱ्यांपैकी.

"अहो, ती तार सरळ कशी होते?" तिनं घरी आल्याआल्या विचारलं.

"असेल काहीतरी," तो वर्तमानपत्रामागून म्हणाला.

रविवारी सोबत हॉलला यायला तिची ना नव्हती, पण बूट सोडायचे नाहीत, एवढं तिनं सासूबाईंना ठणकावून सांगितलं. चिमणी आजीजवळच झोपायची. रोज सकाळी बूट काढले की पट्ट्यांचे लालसर वण तिच्या पायावर दिसत आणि आईच्या जिवात जीव येई. वण म्हणजे पट्टा घट्ट होता, म्हणजे रात्र वाया गेली नाही.

पाच आठवड्यांनी एका सकाळी वण नव्हते. बूट पलंगाखाली पडले होते.

"आई, रात्री बूट काढलेत तुम्ही?"

सासूबाई खाली बघून भाजी निवडत राहिल्या. "रडते गं ती. आणि बाबांनी सांगितलं होतं ना. पहाटे घालत होते की परत, चांगले आवळून. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. आज मेला डोळा लागला."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

डॉक्टरीणबाईंनी चिमणीचं पाऊल हातात घेतलं आणि बाहेरच्या बाजूला वळवू लागल्या. ते अर्ध्यावर अडलं. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तिथेच.

"मूल वाढतं तसा असा पाय आपल्या जुन्या वळणावर जायला बघतो," त्या म्हणाल्या. "रोज रात्री धरून ठेवायचा तो त्यासाठीच. आता पुन्हा प्लास्टरं. नाही जमलं तर मोठी शस्त्रक्रिया. आणि खोटी आशा दाखवत नाही, दुसऱ्या खेपेला पाऊल पहिल्याइतकं ऐकत नाही."

घरी आल्यावर तिनं सासूबाईंनी पलंगावर टांगलेली प्रसादाची तार ओरबाडून काढली. दर रविवारी बाबांच्या वाडग्याच्या काचेवर वाफेचं धुकं धरलेलं असायचं, हे तिनं पाहिलं होतं. पाहूनही त्याचा विचार केला नव्हता. तिनं तार वाकवून नळाच्या पाण्यात टाकली. वाकडीच राहिली. मग चिमणीची वाटी-चमचा उकळत ठेवले होते त्या पातेल्यात टाकली. ताडकन सरळ. ना मंत्र, ना महाराज.

संध्याकाळी तिनं तेच नवऱ्यासमोर करून दाखवलं. त्यानं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवलाची रेघसुद्धा उमटली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला. "आमच्याकडचीच आहे. भंगारातून गेली असेल. सरळ धरून भट्टीत तापवली की तो आकार तिच्यात पक्का बसतो. गार असताना हवी तशी वाकवा, ऊब लागली की पुन्हा पहिल्यासारखी. विमानात नळ्या जोडायला..." तो थांबला. "सही आहे माझी. नोकरी जाते. आणि आई रात्री बूट काढते हे मला कुठे ठाऊक होतं?"

"मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी."



रविवारी ती थर्मास आणि दोन पेले घेऊन हॉलमध्ये गेली आणि सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली. बाबांनी हसून तिला जागा करून दिली. तिनं तार वाकवली, गार पाण्याच्या पेल्यात सोडली. वाकडी. थर्मासमधल्या पाण्यात सोडली. सरळ.

"मी काही पुटपुटले नाही, डोळे मिटले नाहीत," ती म्हणाली. "ही तार भट्टीत सरळ धरून तापवलेली असते. ऊब लागली की तिथे परत येते. एवढंच आहे. यांच्या सांगण्यावरून माझ्या मुलीचे बूट निघाले, तिचा पाय पुन्हा वळला. इथले निम्मे लोक रोज प्रयोगशाळेत जातात. मी खोटं बोलत असेन तर कुणीतरी उठून सांगा. खरं बोलत असेन तरी सांगा."

बोगद्यावरचे साहेब छताच्या पंख्याकडे बघू लागले. रसायनवाल्या बाईंना पर्समध्ये काहीतरी सापडेना. दाराशी तिचा नवरा उभा होता, छातीवरच्या ओळखपत्रावर हात ठेवून. कुणी उठलं नाही.

मग एक बाई उठली, कडेवर पाठीत बाक असलेला मुलगा घेऊन.

"ताई, तुमच्याही हाताला गुण आहे हो. याच्या पाठीवरून फिरवता का तार?"

बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. "बघा, कृपा कशी पसरते ते. ताई विचारतात, पाणी गरम का. अहो, कृपा कधी गार असते का?"

माना डोलल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी तिलाच नमस्कार केला.

चिमणीच्या पायाला पुन्हा प्लास्टर चढलं आहे. तिसरं. पाऊल अजून अर्ध्यावरच अडतं. नवरा आता घरी बोलतो, भट्टीचं, तारेचं, सगळं. दार लावून घेतो आणि मग बोलतो.

तिनं एक कागद लिहून हॉलच्या दारावर चिकटवला. त्यात असं आहे: तुमच्या घरी ही तार असेल तर ती वाकवा. एकदा गार पाण्यात टाका, एकदा गरम. मला विचारू नका, बाबांनाही विचारू नका, आपल्या डोळ्यांनी बघा. मग आपल्या मुलाकडे बघा. तारेला भट्टीनं सरळ राहायला शिकवलं आहे. पायाला आठवतं ते वाकडंच वळण. त्याला रोज रात्री धरून ठेवावं लागतं, आणि ते काम माणसांचं आहे. डॉक्टरांनी दिलेलं काहीही काढू नका.

कागद अजून तिथेच आहे, कुणी फाडलेला नाही. रविवारची रांग त्याच्यापासूनच सुरू होते.