हर्शेलसाठी ओळ

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात मे महिन्यातला एक रविवार मेलेल्यांचा असतो. सगळे गणगोत टेकडीवरच्या दफनभूमीत जमते, थडग्यांवरचे गवत खरडते, कागदी फुले वाहते आणि प्रत्येकासाठी एक गीत गाते. पाळक एक ओळ झपाट्याने म्हणतो, मग बाकीचे तीच संथ, लांब ओढून गातात. ओळ दिली नाही, तर गाणे नाही.

त्या दुपारी नदीवरून धुके चढत होते. पाळक डेल्फस साइझमोरने शेवटचे गीत आटोपले आणि तो जेवणाच्या टेबलांकडे वळला.

"दादा, हर्शेल राहिला," त्याची बहीण ओवा म्हणाली.

हर्शेल त्यांचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी दारू पिऊन नदीत उतरला. नदीने त्याला परत दिलेच नाही. कुंपणापाशी त्याच्या नावाचा नुसता दगड होता.

"त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो गेलाय तिथं गाणं पोचत नाही."

"तू जाऊन बघून आलास वाटतं?"

कुणीतरी खुदकन हसले आणि गप्प झाले.

"मी जन्मभर हेच सांगत आलोय, ओवा. वेळेत बाप्तिस्म्याला पाण्यात उतरा, नाहीतर..."

"उतरला की तो पाण्यात!"

"शुद्धीत नव्हता."

"बुडताना माणूस शुद्धीवर येतो. तेव्हा त्यानं कुणाला हाक मारली असेल, दादा? तुला तर नक्कीच नाही."

डेल्फस पुन्हा टेबलांकडे वळला. तेव्हा ओवानेच ओळ दिली. बाईने ओळ देण्याची तिथे रीत नव्हती.

"हात दे प्रभू, पाणी फार खोल."

डेल्फसच्या धाकाने ती कुणी उचलली नाही.

आणि मग खालून, नदीकडच्या धुक्यातून, तीच ओळ आली. एकच आवाज, जड, ओला. शेवटचा सूर उगाच लांबवणारा. या खोडीपायी बापाने हर्शेलला कितीदा चोपले होते.

"सैतान आहे, बाबा," मागून कुणी पुटपुटले. "चला इथनं."

तसे मानणे सोपे होते. पण सैतान कशाला प्रभूचा हात मागेल? प्रभू जगाला दोषी ठरवायला नाही, तारायला आला, हे डेल्फस दर रविवारी वाचत असे. आणि वाचून झाले की लगेच 'मात्र' म्हणत असे.

त्याने टोपी काढली आणि दुसरी ओळ दिली.

"माझे हात सुटले, तुझे सोडू नको."

उत्तर आले ते कुंपणाच्या अलीकडून. दिसत कुणीच नव्हते; गवत एकेका पावलाएवढे दबत होते आणि ते ठसे वर येऊ लागले. माणसे मागे सरली.  ओवाने डेल्फसचे मनगट घट्ट धरले. तो थोडा बाजूला झाला. दोघांच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली आणि तिथून नदीच्या चिखलाचा वास आला.

डेल्फसने तिकडे न बघता तिसरी ओळ दिली. या वेळी ती सगळ्यांनी उचलली.