नेरिसने त्याच दिवशी सांगितलं होतं

रविवारी सकाळी लोरेनचा नवरा डेरेक पेपर घेऊन आला तो थेट स्वयंपाकघरात. एरवी खेळाचं पान आधी काढून घ्यायची त्याची सवय. आज अख्खा पेपर त्याने लोरेनच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"तुझा बार्नबी पहिल्या पानावर आलाय," तो म्हणाला. "आणि या खेपेला पुस्तकासाठी नाही."

बार्नबी क्रेल म्हणजे स्कार्नबी गावाच्या गळ्यातला ताईत. मूळचा याच किनाऱ्यावरचा. टीव्हीवर लोकांना हसवता हसवता तो मुलांची पुस्तकं लिहायला लागला, आणि त्याचं ते नळदुरुस्ती करणारं पाणमांजर, मिस्टर स्पिगट, घरोघरी पोचलं. गावच्या वाचनालयात मुलांचा विभाग लोरेन थ्वेट सांभाळायची, गेली बावीस वर्षं. तिथल्या एका अख्ख्या भिंतीवर हातात पाना घेतलेला स्पिगट रंगवलेला होता. दर ऑक्टोबरात भरणारी मुलांची पुस्तकजत्राही लोरेननेच जॅनिस ओल्डरॉइडच्या जोडीने उभी केली होती, आणि बार्नबी दोनदा जत्रेचा पाहुणा होऊन आला होता.

पेपरात तीन बायकांनी त्याच्यावर आरोप केले होते. नावं छापलेली नव्हती. पहिल्या दोघी टीव्हीतल्या. तिसरी त्याच्या प्रकाशन कंपनीत नोकरीला होती आणि त्याच्याबरोबर गावोगावच्या कार्यक्रमांना फिरायची. चार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, पुस्तकजत्रेच्या दिवशी, भाषणाचे कागद हवेत म्हणून त्याने तिला हॉटेलच्या खोलीवर बोलावलं आणि आतून कडी लावली, असं तिने सांगितलं होतं.

लोरेनने तेवढा परिच्छेद पुन्हा वाचला. मग पेपरची घडी घातली, अगदी व्यवस्थित, कडेला कड जुळवून.

"हीच ना ती पोरगी?" डेरेकने विचारलं. "मी यॉर्क स्टेशनवर सोडलं होतं ती. वाटभर एक शब्द बोलली नव्हती."

"नेरिस," लोरेन म्हणाली. "नेरिस नाव तिचं."

सोमवारी वाचनालय उघडायच्या आधीच दाराशी पाच-सहा माणसं उभी होती. एका आईने पिशवीभर स्पिगटची पुस्तकं टेबलावर ओतली आणि म्हणाली, "जाळा नाहीतर रद्दीत घाला, माझ्या घरात नकोत." तिच्या मागच्या आजोबांनी त्यातलीच तीन उचलली. "माझ्या नावावर चढवा. उद्या फुलपाखरू चिरडलं म्हणूनही माणसाला फाशी देतील हे लोक." दोघांची जुंपली. गुरुवारी शाळेत पुस्तक दिन होता. मुलं आवडत्या पात्राचा वेश करून येणार, आणि निम्म्या शाळेच्या घरी तपकिरी कापडाची शेपटी नि पुठ्ठ्याचा पाना कधीचा तयार होता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीतून चारशे निरोप पडले होते. एका लहानग्या मुलीने टेबलाला हनुवटी टेकवून विचारलं, "थ्वेटबाई, स्पिगट पण वाईट आहे का?" लोरेन म्हणाली, "नाही गं, तो तर चित्रातला." आणि आपण नेमकं काय बोललो ते तिचं तिलाच कळेना.

दुपारी नगरपालिकेची सूचना आली: या प्रकरणावर कर्मचाऱ्यांनी कुणाशीही बोलू नये. तिच्यापाठोपाठ प्रकाशन कंपनीचं निवेदन सगळ्यांच्या फोनवर फिरलं. श्री. क्रेल यांच्याविषयी कंपनीकडे आजवर कुठल्याही प्रकारची तक्रार आलेली नाही.

लोरेनने ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत, किटलीपाशी उभं राहून वाचलं. याच खोलीत, याच खुर्चीत नेरिस बसली होती. तेवीस वर्षांची, वेल्सहून आलेली, अंगात पातळ जाकीट. लोरेनने तिच्या हातात चहा दिला होता. जे झालं ते तिने चार वाक्यांत सांगितलं, आणि पाचवं, "मी दार उघडून पळाले, पण माझी पर्स आत राहिली." पर्स लोरेनने स्वतः जाऊन आणली. बार्नबीने हसत दार उघडलं होतं. "फार हळवी आहे हो ही पोरगी," तो म्हणाला होता.

त्या रात्री लोरेनने कंपनीला ईमेलने पत्र लिहिलं. झालं ते, ऐकलं ते, पर्ससकट. आठ दिवसांनी एका संचालकबाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं: आपण कळवलंत, आभारी आहोत, आम्ही हे गांभीर्याने घेत आहोत. लोरेनला वाटलं, झालं आपलं काम.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. दोन वर्षांनी जत्रेची तिकिटं खपेनात. जॅनिस म्हणाली, बार्नबीला बोलाव, सभागृह भरेल. आणि लोरेनने आपल्या हाताने त्याला पत्र लिहिलं. आमची मुलं तुमची वाट बघताहेत, असं. तो आला, सभागृह भरलं. लोरेनच्या खांद्यावर हात ठेवून त्याने फोटो काढला. तो फोटो जत्रेच्या पानावर अजून होता.

मंगळवारपर्यंत कुणीतरी नेरिसचं नाव शोधून काढलं. तिचा फोटो, तिची आत्ताची नोकरी, सगळं चव्हाट्यावर आलं. मच्छी-चिप्सच्या दुकानात, रांगेत, लोरेनच्या पुढ्यात दोन बायका बोलत होत्या. "खरंच काही झालं असतं तर तेव्हाच नसती बोंबलली?" "चार वर्षांनी आठवलं म्हणे. पुस्तकाचा सिनेमा निघतोय ना, तेव्हा बरोबर आठवलं." लोरेनने आपली पाळी यायच्या आत दुकान सोडलं.

जॅनिस लोरेनच्या घरासमोर गाडीत बसून होती. तिशीपासूनची मैत्रीण. लोरेन शेजारी बसली तशी ती म्हणाली, "पेपरच्या बातमीदाराचा फोन आला होता. मी सांगितलं, दोन्ही वेळा मी होते, असलं काही घडलं नाही."

"घडलं होतं, जॅनिस."

"तुला काय माहीत?"

लोरेनने सांगितलं.

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुला?"

"कंपनीने बघितलं असेल असं वाटलं. खरं तर तसं वाटून घेतलं."

"मग आताही तेच कर," जॅनिस हळू आवाजात म्हणाली. "अगं, ते पत्र बाहेर काढलंस तर पहिला प्रश्न काय येईल, कळतंय का? माहीत होतं तर परत कशाला बोलावलंत. तुला नाही एकटीला, आपल्याला विचारतील. वीस वर्षांची जत्रा मातीत जाईल. ती पोरगी खरी असेल तर बाकीच्या दोघी आहेत ना तिच्या बाजूने. तुझ्यावाचून तिचं काही अडलं नाही."

"तिला खोटारडी म्हणताहेत."

"म्हणू देत. लोक आठवडाभर बोलतात, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळतं."

लोरेनने दार उघडलं. ती खाली उतरली. पत्र जपून ठेवलं होतं याचा तिला राग येत होता. पुसून टाकलं असतं तर आज झोप लागली असती, असंही मनात येऊन गेलं.

रात्री जेवताना डेरेक एवढंच म्हणाला, "लपवायचं असेल तर लपव. मी काही कुणाला सांगायला जात नाही. पण मग त्या पोरीबद्दल घरात हळहळत बसायचं नाही. दोन्ही नाही जमायचं, बाई."

बुधवारी दुपारच्या सुट्टीत लोरेनने नेरिसचा नंबर शोधला. चार वर्षांपूर्वीचा, लागेल अशी आशा नव्हती. तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी लोरेन थ्वेट. स्कार्नबीच्या वाचनालयातली."

"बोला."

"कंपनी म्हणते तक्रार आलीच नाही. मी केली होती, नेरिस. त्याच रात्री लिहिलं होतं. त्यांचं उत्तरही आहे माझ्याकडे. तू हो म्हणालीस तर मी ते देते. तुला विचारल्याशिवाय देणार नव्हते."

"तुम्ही लिहिलं होतं?" आवाज एकदम बारीक झाला. "मला कुणी सांगितलंच नाही. महिन्याभराने त्यांनी मला हिशेबखात्यात टाकलं, बसायला कोपरा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, फिरतीची दगदग तुला झेपत नाही."

म्हणजे पत्राचा परिणाम झाला होता, तो असा.

"आणि मग मी तुमचा तो फोटो पाहिला," नेरिस म्हणाली. "त्याचा हात तुमच्या खांद्यावर. मला वाटलं, या बाईंनी मला पर्स आणून दिली, चहा दिला, पण विश्वास काही ठेवला नव्हता. त्याच्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही. दोन वर्षं."

"विश्वास होता," लोरेन म्हणाली. "तरी बोलावलं मी त्याला."

"ते जास्तच वाईट आहे, मिसेस थ्वेट."

"हो."

"द्या ते पत्र. पण माझ्यासाठी केलंत असं कुठे सांगू नका. आणि तो फोटोही लपवू नका."

लोरेनने घरी येऊन पत्र आणि उत्तर दोन्ही त्या बातमीदाराला पाठवलं. खाली स्वतःहून एक ओळ जोडली की दोन वर्षांनी मीच त्याला पुन्हा आमंत्रण दिलं. मग कोट चढवून सहा वाजता शाळेत गेली. उद्याच्या वेशांचं काय करायचं हे ठरवायला मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं होतं.

सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. माणसं मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. पहिला अर्धा तास शेपट्यांवर गेला. मग क्रेग मेटकाफ उभा राहिला. छपरं दुरुस्त करणारा, भांडखोर नव्हे, उलट सभेत तोंड न उघडणारा माणूस.

"माझ्या टिलीला नऊ वर्षांची होईपर्यंत अक्षर लागत नव्हतं," तो म्हणाला. "अक्षरं उड्या मारतात म्हणायची आणि रडायची. स्पिगटने तिला वाचायला शिकवलं. उद्या मी तिची शेपटी काढून घेऊ, कुणाच्या सांगण्यावरून? त्या बाईचं वाईट झालं असेल तर मला वाईटच वाटेल. पण आपल्याच गावात झालं म्हणते ना? मग तेव्हा एकालाही कसं सांगितलं नाही? एक तरी माणूस असेल ना गावात, ज्याला तिने सांगितलं?"

बऱ्याच माना डोलल्या. पहिल्या रांगेत जॅनिसने मागे वळून पाहिलं. लोरेन उभी राहिली, तेव्हा जॅनिसने किंचित मान हलवली, नको म्हणून.

"सांगितलं होतं," लोरेन म्हणाली. "मला. त्याच दिवशी, घटना घडल्यावर अर्ध्या तासात. मी कंपनीला कळवलं, त्यांचं उत्तर आलं. ती खोटं बोलत नाहीये, क्रेग. कंपनी बोलतेय."

मागून एका बाईने विचारलं, "केव्हा? पहिल्या खेपेला?"

"पहिल्या खेपेला."

"आणि तरी तुम्ही त्याला परत आणलंत? माझी मुलगी त्याच्या मांडीवर बसून फोटो काढून आली."

"हो. पत्र मीच लिहिलं. जॅनिसला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. तिकिटं खपत नव्हती, आणि मी मनाची समजूत घातली की त्याला समज मिळाली असेल."

मग जो गदारोळ उठला त्यात कोण कुणाच्या बाजूचं हे कळेनासं झालं. बार्नबीला मानणारे तिला चुगलखोर म्हणाले. त्याच्यावर थुंकणारे तिला त्याची साथीदार म्हणाले. ती मुलीची आई काहीच न बोलता बाहेर निघून गेली, आणि लोरेनला सगळ्यांत जास्त लागलं ते तेच. क्रेग तेवढा उभाच होता. "मी विचारायला नको होतं," असं काहीतरी तो पुटपुटला आणि खाली बसला.

पत्र शुक्रवारी छापून आलं. सोमवारी कंपनीने निवेदन मागे घेतलं, पंधरा दिवसांत त्या संचालकबाई पायउतार झाल्या. आणखी चार जणी पुढे आल्या, पोलिसांनी चौकशी सुरू केली. बार्नबीने वकिलामार्फत सगळं नाकारलं. ते प्रकरण अजून चालूच आहे. भिंतीवरच्या स्पिगटवर नगरपालिकेने पांढरा रंग फासला, पण एकाच हातात भागलं नाही, महिनाभर तो आतून दिसत राहिला. पुस्तकं कपाटात गेली, मागेल त्याला द्यायची असं ठरलं. लोरेनला लेखी ताकीद मिळाली. जत्रेतून ती स्वतःच बाजूला झाली. जॅनिस रस्त्यात दिसली की ओळखीपुरती मान हलवते, थांबत नाही. कुणीतरी एकदा लोरेनच्या दारात अंडी फोडली. कुठल्या बाजूच्या माणसाने, ते डेरेक गमतीने अजून शोधतो आहे.

नेरिसला तिने एकदा पत्र लिहिलं, माफीचं. उत्तर आलं नाही. येईल अशी वाट बघायचा आपल्याला हक्क नाही, असं तिने ठरवलं, तरी टपाल आलं की ती आधी नेरिसचं नाव शोधते.

मे महिन्यात एका शनिवारी क्रेग टिलीला घेऊन आला. वाचनालयात गर्दी नव्हती. तो टोपी हातात धरून टेबलाशी उभा राहिला.

"तिला दुसरं काहीतरी वाचायला हवंय," तो म्हणाला. "माझ्याने ते पुस्तक तिला वाचून दाखवत नाही आता. जीभ अडते. पण ती दुसरं घेतच नाही."

"मला स्पिगटच पाहिजे," टिली म्हणाली.

"माहीत आहे," लोरेन म्हणाली. "कपाटात आहे, नेलंस तर मी अडवणार नाही. आधी ही बघ." तिने मोठ्या अक्षरांची पाच पुस्तकं आणून ठेवली. टिलीने चार एकेका नजरेत बाजूला सारली. पाचव्याचं पहिलं पान उघडून तिने ओळीखाली बोट ठेवलं, ओठ हलवत तीन ओळी वाचल्या आणि तोंड वाकडं केलं.

"बरं आहे," ती म्हणाली. "फार नाही."

"न्यायचं का?" क्रेगने विचारलं.

टिलीने खांदे उडवले आणि पुस्तक काखेत मारलं. लोरेनने ते तिच्या नावावर चढवलं.