रोजचा शेरा

हेडक्लार्कच्या परीक्षेला दोनशे कठीण इंग्रजी शब्द होते. रोज सकाळी डबे भरता भरता ती दहा शब्द पाठ करी, आणि मुलगी मास्तरीणबाईंच्या थाटात विचारी.

"इमिनंट?"

"हा तर मी रोज लिहिते."

"लिहितेस ते असू दे. अर्थ सांग."

अर्थ येत नव्हता. मुलीने यादीतून वाचला, "आता कोणत्याही क्षणी घडेल असं. बहुधा वाईट."

"म्हणजे तुझ्या आईचा राग," बूट घालता घालता नवरा म्हणाला आणि डबा उचलून जिना उतरला. त्याची पाळी सातची, बॉयलरवर.

"आणि रप्चर?" तिने विचारलं.

"मागच्या आठवड्यात झाला की! फुटणं, फाटणं. विसरलीस?"

विसरली नव्हती. ते दोन शब्द तिने कधी एकत्र वाचले नव्हते, एवढंच.

त्याच कारखान्याच्या ऑफिसात ती कारकून; बॉयलरची नोंदवही तिच्याकडे होती. दाब, तापमान, पाणी रोज नवं भरायचं. शेवटच्या रकान्यात मात्र कालचा शेरा आज उतरवायचा, अशी तिथली रीत. कधीतरी नोकरी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरने इंग्रजीत ओळ लिहिली होती. खोडा म्हणून कोणी सांगितलं नाही, म्हणून ती चालत आली. नऊ महिने तिने ती वळणदार अक्षरात उतरवली होती. 'रप्चर इमिनंट.' खाली सुपरवायझरची सही.

नवऱ्याचा फोन गेटवर जमा असायचा. ती धावतच ऑफिसात पोचली.

"काय बाई, आज सूर्य कुठे उगवला?" सुपरवायझर चहा पीत होता.

तिने वही उघडून ओळीवर बोट ठेवलं आणि अर्थ सांगितला.

"अहो, हे रोजचंच. तुम्ही लिहिता, मी सही करतो. झालं का कधी काही?"

"साहेब, आज सही न करता वाचा."

त्याने वाचलं. पेला खाली ठेवला. एक पान मागे उलटलं, मग दहा. प्रत्येक पानावर तीच ओळ, तीच सही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आधी बॉयलर बंद करायला सांगा. माणसं बाहेर काढा," ती म्हणाली.

फोन टेबलावरच होता. त्याने उठून दाराला कडी लावली.

"जुन्या वह्या कुठे ठेवता?" आवाज अगदी हळू. "सगळ्या इथेच आहेत ना?"

तिने वही छातीशी धरली, कडी काढली आणि बॉयलरच्या शेडकडे पळत सुटली. "बाई, वही! वही ठेवून जा!" मागून तो ओरडत होता.

शेडच्या दारातून तिला नवऱ्याची पाठ दिसली. बॉयलरशेजारी वाकून, मान तिरकी करून तो काहीतरी ऐकत होता.