शेपूट जिकडे लांब

“पेन खाली!” भोजराज सर गरजले आणि अख्ख्या वर्गाने पेनं बाकावर टाकली.

बँकेच्या परीक्षेतली ही गणितं सोडवायची नसतात. दिलेली माहिती उत्तराला पुरते की नाही, एवढंच सांगायचं असतं. आकडेमोडीत रमणारा माणूस जन्मभर अर्जच भरत राहतो, असं सरांचं मत. म्हणून त्यांच्या क्लासात पोरं हातानेच उत्तर द्यायची. माहिती पुरत असेल तर उघडा पंजा, नसेल तर मूठ.

मंजुषा पहिल्या बाकावर होती आणि तिच्या शेजारी, नको असताना, संघमित्रा. लालबर्र्याहून बसने येणारी ही पोरगी दिवाळीनंतर क्लासात आली काय, आणि मंजुषाची मिरासदारी संपली काय! पूर्वी पोरं अडली की मंजुषाच्या भोवती गोळा व्हायची. आता संघमित्राच्या. त्यातही ती समजावताना कधी आवाज चढवायची नाही, याचा मंजुषाला विशेष राग. निदान भाव तरी खावा माणसाने! संघमित्राच्या डब्यातली भाजी कुणी वाखाणली तरी मंजुषाच्या पोटात दुखायचं.

आज सकाळची बॅच ठरायची होती. नव्या मुलांना शिकवायला सरांना दोघींतली एक हवी होती. बॅच आपल्यालाच मिळणार, हे मंजुषाने घरी, गल्लीत आणि खैरलांजीच्या मावशीला फोन करून आधीच सांगून टाकलं होतं. बाजारात तुरी!

“पाच संख्या, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेल्या,” सर म्हणाले. “सवाल असा, की सरासरी मधल्या संख्येपेक्षा जास्त आहे का? जानकारी एकच. सर्वात मोठी संख्या मधलीपासून जास्त दूर, सर्वात लहान कमी दूर. चला, हात दाखवा.”

मंजुषाच्या डोक्यात आकडे आपोआप उभे राहिले. सात, सात, दहा, दहा, चौदा. चौदा चार घरं दूर, सात तीनच. तरी बेरीज अठ्ठेचाळीस, म्हणजे सरासरी दहाच्या खालीच. आणि दुसरा सात काढून तिथे दहा ठेवला, की सरासरी दहाच्या वर. दोन्ही होऊ शकतं, म्हणजे माहिती पुरत नाही. बाकाखाली तिची मूठ वळली.

शेजारची मूठ तिच्याआधी वर गेली.

सरांनी भुवई उंचावली. “संघमित्रा? मूठ? सोच लो बेटा.”

सरांच्या मनातलं उत्तर मंजुषाला कळलं. हात वर येता येता तिने मूठ उघडली. तिचा पंजा पाहून मागचे सगळे पंजे वर गेले.

“सर, दुसरी अन् चौथी संख्या कुठं हाय, हे तं सांगितलंच नाही,” संघमित्रा म्हणाली.

“अरे, पूंछ देखो! शेपूट जिकडे लांब, सरासरी तिकडे. कितीदा सांगितलं?”

वर्ग हसला. सरांचा हा नियम बहुतेक वेळा खरा ठरायचा, म्हणून त्यावर कुणी शंका घेत नसे. संघमित्राने काही बोलायला तोंड उघडलं, पण सर फळ्याकडे वळले होते.

“सकाळची बॅच मंजुषाकडे.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी महिन्यांनी मंजुषाला शेजारी बसलेल्या पोरीकडे मोकळ्या मनाने बघता आलं.

क्लास सुटल्यावर बसस्टँडकडे जाताना संघमित्राने तिला गाठलं.

“बधाई हो दीदी.”

“तुले वाईट नाही वाटलं?”

“वाटलं न. घरी सांगून आलती मी.” तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “तुमची बी पहिले मूठच होती. बाकाखाली पाह्यली मी.”

मंजुषाने उगाच ओढणी सारखी केली. “मंग सरांले सांगितलं काहून नाही?”

“मूठ तुमची, उघडली तुमीच. मी काय सांगू?” लालबर्र्याची बस लागली होती. एक पाय पायरीवर ठेवून ती म्हणाली, “फक्त नव्या पोराईले हे गणित बरोबर सांगजा. परीक्षेत त्यायचं नुकसान होईन.”

बस गेली. मंजुषा धुरात उभी राहिली. बॅच तिच्याकडे होती, टाळ्या तिला मिळाल्या होत्या, तरी ही पोरगी पुन्हा पुढे निघून गेली होती! भाजीचा आणि आवाजाचा हेवा आता काहीच वाटेना, इतका हा नवा हेवा तिला जाळत होता. हा खरेपणा तरी संघमित्राच्या एकटीच्या वाट्याला जाऊ द्यायचा नाही, असं तिला वाटलं आणि ती मागे वळून जवळजवळ धावतच निघाली.

सर जिन्याखाली क्लासचं शटर ओढत होते.

“सर, कुलूप नका लावू,” ती धापा टाकत म्हणाली. “संघमित्राचं बरोबर हाय. अन् मले ते तवाच माहीत होतं.”