चढलेलं भांडं

हॅमचा तुकडा फ्रीजमधून काढताना ताईंनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, नुकतंच अंघोळ घातलेलं मूल धरावं तसा, आणि फ्रीजचं दार टाचेने लोटलं. तुकडा हाडासकट होता, खारवलेला, धुरावलेला, आणि इतका जड की तो उचलणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या मनगटाबद्दल कुणी शंका घेऊ नये. तासाभराने याच मनगटात लचक भरणार होती. ताईंनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

ओट्यावर सगळं मांडून झालं होतं. रात्रभर भिजून टम्म फुगलेला पांढरा घेवडा सकाळी दहा मिनिटं खळखळ उकळून निथळत ठेवला होता. कांदा, गाजर आणि सेलरी चिरून तीन वाडग्यांत. दोन तमालपत्रं, मिरी, पाण्याचं भांडं. आणि टेबलाच्या मधोमध नवा स्लो कुकर, पोट सुटलेल्या पाहुण्यासारखा ऐसपैस बसलेला. आत काळं चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एकच बटण. बंद, मंद आणि जलद. शिटी नाही, ज्योत नाही, कसली घाई नाही. शेजारच्या नर्सने दुकानात जाऊन तो पसंत केला होता आणि सांगितलं होतं, मंदवर ठेवलात तर आठ तास निश्चिंत. ताईंनी तिला तीनदा विचारून घेतलं होतं, आठच ना, सात नाही ना?

साडेनऊला भाऊ यायचा होता. तो बोटीवरचा स्वयंपाकी. चौतीस वर्षं एका बोटीवरून उतरायचा आणि दुसरीवर चढायचा, मधल्या फटीत बहिणीकडे जेवून जायचा. मागच्या वेळी तो अकरा मिनिटांत जेवला होता. ताईंनी घड्याळ लावून पाहिलं होतं, त्यातली दोन मिनिटं तर हात धुण्यात गेली होती. या खेपेला तीन वर्षांचा करार होता. कागदावर सही करून तो पाचच्या आत बंदरातल्या कचेरीत द्यायचा, कंपनीची गाडी दुपारी तीनला दाराशी येणार. पाचनंतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. तो बासष्टचा, त्या अडुसष्टच्या. तीन वर्षांनी दार उघडायला आपण असू की नाही, हे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

नको जाऊस, असं तोंडाने म्हणणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. थापा मात्र जमत. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी मोकळ्या लाइनी व्यस्त आहेत म्हणून सांगितल्या होत्या, तेही अशा मधाळ आवाजात की पलीकडचा माणूस उलट त्यांचेच आभार मानी.

म्हणून हा कुकर. कारण बोटीवरच्या स्वयंपाक्यांचा एक दंडक होता आणि तो भावानेच त्यांना शंभरदा ऐकवला होता. ज्याने भांडं चढवलं, त्याने ते उतरवून वाढल्याखेरीज बोट सोडायची नाही. बोट धक्क्याला लागली असो, बदली माणूस बॅग घेऊन शेजारी उभा असो, चढलेलं भांडं टाकून पाय बाहेर पडला की तो स्वयंपाकी नव्हेच. एकदा म्हणे मांस शिजेना म्हणून त्याने अख्खी बोट सहा तास बंदरात अडकवून धरली होती, आणि कप्तान हातात ताटली घेऊन रांगेत तिसरा उभा होता. कप्तानाचं सोडून द्या, पण दंडक खरा होता. तो पाळताना भावाच्या तीन गाड्या चुकल्याचं ताईंना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा बेत साधा होता. भांडं त्याच्या हातून चढलं पाहिजे, आणि ते संध्याकाळी सहाच्या आत शिजता कामा नये.

तो आला तो नेहमीसारखा दारातच मान वाकवून, जणू प्रत्येक दार बोटीवरचंच. लहानपणी तो इतका गोल होता की त्याचं नाव भोपळ्या पडलं. आता अंगावर हाडं आणि मिशी एवढंच राहिलं होतं, पण नाव काही उतरलं नव्हतं. त्याने बॅग दाराशीच ठेवली, आत आणली नाही. ते ताईंनी पाहिलं. मग त्याची नजर टेबलाकडे गेली.

"हे काय आणलंयस? पाळणा?"

"स्लो कुकर आहे. यात हॅम आणि घेवड्याचं सूप करतेय. तुझ्यासाठी."

"आग कुठाय याला?"

"आत आहे."

त्याने कुकरला एक फेरी मारली, मग उलटी दुसरी. वाकून बुडाखाली पाहिलं. चौतीस वर्षं ज्याने वादळात कढया साखळीने बांधून रांधलं, त्याला हे वायर लावलेलं बोळकं म्हणजे थट्टाच वाटत होती. पण फेऱ्या काही थांबेनात. ताईंनी तेवढ्यात मनगट धरलं आणि चेहरा वाकडा केला. लचकलंय रे, तो तुकडा तेवढा तू आत सोड, घेवडा ओत, भाज्या घाल, मला काही उचलवत नाही.

"किती वेळ लागेल याला?" त्याने बाह्या दुमडत विचारलं.

"चार तास," ताई म्हणाल्या. आवाज मधाळ.

दहाला चढवलं तर दोनला शिजेल, तीनला गाडी. त्याने मान हलवली. हॅम तळाशी हाडाच्या बाजूने बसवला, घेवडा भोवती लोटला, भाज्या पसरल्या, पाणी बरोबर दोन बोटं वर येईल इतकं ओतलं. मीठ नको, हॅम स्वतःचं मीठ घेऊन आलाय, चव शेवटी बघू, असं बजावलं. मग झाकण ठेवलं, आणि सवयीने त्यावर दोनदा टिचकी मारली. चढलं. ताईंनी बटण मंदवर फिरवलं आणि पाठ वळवून खिडकीचा पडदा उगाच सारखा केला, कारण चेहऱ्यावर आलेलं हसू आवरत नव्हतं.

साडेदहाला नर्स रात्रपाळी संपवून घरी जाता जाता डोकावली. भल्या मनाची बाई. इंजेक्शन देतानाही आधी स्वतःच डोळे मिटून घेणारी. भोपळ्याने तिला कप्तानाची गोष्ट सांगितली. या खेपेला कप्तान रांगेत सातवा होता. पाणी प्यायला म्हणून ती एकटी आत गेली, बाहेर आली, झोप काढून दुपारी पाव घेऊन येते म्हणाली आणि गेली.

मग दोघं बसली. बसली म्हणजे ताई बसल्या, तो काही बसेना. दर वीस मिनिटांनी उठायचा आणि झाकणाला हात घालायचा. झाकण उघडलंस की अर्धा तास वाया जातो, ताई त्याला दर वेळी सांगत आणि मनातल्या मनात अर्धा तास जमेला धरत. बारा वाजेपर्यंत त्यांच्या मते जेवण रात्री आठवर गेलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला जुन्या एक्स्चेंजमधली गोष्ट सांगितली, एका नवराबायकोचं भांडण त्यांनी मधूनच लाइन तोडून कसं मिटवलं ती. तो पोट धरून हसला. मग त्याने नव्या बोटीबद्दल सांगितलं. तिथला स्वयंपाकघराचा साहेब चोवीस वर्षांचा आहे आणि सगळं जेवण पाकिटातून येतं, कात्रीने उघडायचं. हे सांगताना तो हसला नाही. एक गाजर उरलं होतं, ते त्याने उचललं आणि कुणी सांगितलं नसताना कागदासारख्या पातळ चकत्या पाडत राहिला.

एकच्या सुमाराला वास सुटला. आधी धुराचा, मग कांद्याचा गोडसर, आणि मग तो तिसरा, हाडातला रस सुटल्याचा. जिन्यावरून जाणारी माणसं यांच्याकडे काय शिजतंय असं स्वतःलाच विचारत थांबत होती. पोस्टमनने तर चुकीच्या घरी पत्र टाकलं आणि ते परत घ्यायला दोनदा आला. ताईंनी मात्र घड्याळाकडे पाहिलं. मंदवर तीन तासांत असा वास येऊ नये.

तो दाढी करायला मोरीत गेला तेव्हा दोन वाजले होते. ताईंनी झाकण उचललं. रस्सा दाट झाला होता, मांस हाडावरून आपसूक सुटलं होतं. त्यांनी घेवड्याचा एक दाणा जिभेवर ठेवला आणि तो लोण्यासारखा विरघळला. मग चमचाभर रस्सा. मग आणखी दोन चमचे, कारण असं काही त्यांच्या हातून आजवर झालंच नव्हतं. मग त्यांनी बटणाकडे पाहिलं. ते जलदवर होतं.

तेवढ्यात नर्स पाव घेऊन आली.

"झालं ना वेळेत?" तिने आनंदाने विचारलं. "मघाशी मीच फिरवलं. म्हटलं, दादांची तीनची गाडी, आणि तुम्ही गडबडीत मंदवर ठेवलंत."

मोरीतला नळ बंद झाला.

ताईंनी झाकण पुन्हा ठेवलं. चार तास, असं त्यांनी सांगितलं होतं आणि चार तासांतच झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची थाप खरी ठरली होती, आणि तीही आज. त्यांनी खुर्ची ओढली, कुकरकडे पाठ करून बसल्या आणि तिथून उठल्या नाहीत. तो दाढी करून आला, शर्ट बदलला, कागद काढून खिशात घातला. अडीच वाजले. झालं का, असं त्याने विचारलं. अजून नाही, म्हणाल्या. पावणेतीनला पुन्हा विचारलं. अजून नाही. नर्स एकदा त्यांच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत पाव कापत होती. इतके कापले की पलटणीला पुरावेत.

तीनला पाच मिनिटं कमी असताना खाली हॉर्न वाजला.

"बघू दे," तो म्हणाला.

"शिजलं नाही रे अजून." आवाज मधाळ निघाला नाही. मधेच कुठेतरी तुटला.

त्याने त्यांच्या खांद्याला धरून खुर्चीसकट त्यांना हलकेच बाजूला केलं. झाकण उचललं. वाफेने त्याचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला. चमच्यावर घेवड्याचा एकच दाणा घेऊन तो त्याने तोंडात टाकला. ताई त्याच्या जबड्याकडे बघत होत्या. जबडा हललाच नाही. चावायला काही उरलंच नव्हतं.

त्याने आणखी एक खाल्ला. मग रस्सा घेतला, डोळे मिटले, आणि थोडा वेळ उघडले नाहीत. खाली हॉर्न पुन्हा वाजला, लांब. त्याने चमचा ठेवला, झाकण जागेवर बसवलं आणि काठावर आलेला थेंब अंगठ्याने पुसून घेतला.

"कच्चा आहे," तो म्हणाला.

नर्सने तोंड उघडलं. ताईंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

त्याने वाकून बटणाकडे पाहिलं, जलदवरून ते मंदवर आणलं, आणि मिशीवरून हात फिरवला. "सांगता येत नाही. असल्या भांड्यांचं काही खरं नसतं."

मग तो खिडकीशी गेला आणि निम्मा बाहेर वाकला. भांडं चढलंय, असं त्याने खाली सांगितलं. कचेरीत सांगा, दुसरा माणूस बघा. खालून ड्रायव्हर बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. भोपळ्याने वळून आत पाहिलं.

"विचारतोय, दुसऱ्या बोटीसाठी उद्या सकाळी गाडी आणू का म्हणून."

ताई कपाटाशी पोहोचल्या होत्या, दुखऱ्या हाताने वरचा कप्पा उघडत.

"उद्याही नाही शिजायचं, म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तीन वाडगे मांडले.